पोटाच्या चरबीतले मायक्रोआरएनए मोजताना

चरबीचा लहानसा तुकडा ऑपरेशन थिएटरमधून निघाल्यापासून पीसीआरच्या, म्हणजे आरएनएच्या प्रती वाढवून मोजणाऱ्या यंत्राच्या, पडद्यावर आकडा उमटेपर्यंत काय करायचं, कुठे बिघडतं आणि का बिघडतं, ते इथे दिलं आहे. वैशंपायन वैद्यकीय महाविद्यालयात एमडी-एमएसचा प्रबंध करणारे आणि केगावला अहिल्यादेवी होळकर विद्यापीठात एमएस्सी-पीएचडी करणारे सोलापूरचे विद्यार्थी लिहिताना डोळ्यांपुढे आहेत. नमुना प्रयोगशाळेत पोहोचण्याआधीच्या कामावर जास्त भर दिला आहे, कारण या विषयातले बहुतेक प्रबंध तिथेच फसतात. मशीन कुठल्याही नमुन्याला आकडा देतं. तो आकडा चरबीचा आहे, रक्ताचा आहे, की उन्हात अर्धा तास राहिलेल्या नळीचा आहे, हे मशीनला कळत नाही.

आधी थोडक्यात पार्श्वभूमी. मायक्रोआरएनए म्हणजे साधारण २२ अक्षरांचा आरएनए. तो स्वतः प्रथिन बनवत नाही. अर्गोनॉट नावाच्या प्रथिनात बसून तो दुसऱ्या संदेशवाहक आरएनएला चिकटतो आणि त्याच्यापासून प्रथिन बनणं कमी करतो. कुणाला चिकटायचं हे मुख्यतः त्याच्या दुसऱ्या ते आठव्या अक्षरावर ठरतं. पहिला मायक्रोआरएनए १९९३ साली एका सूक्ष्म गोलकृमीत सापडला. त्या कामासाठी व्हिक्टर अ‍ॅम्ब्रोस आणि गॅरी रुवकुन यांना २०२४ चं नोबेल मिळालं. प्रत्येकाला ‘मिर’ आणि एक क्रमांक असं नाव असतं. चरबीपुरतं बोलायचं तर मिर-१४३ चरबीपेशी घडायला मदत करतो. मिर-२७ आणि मिर-१३० हे दोघे पीपार-गॅमाला, म्हणजे चरबीपेशी घडवणाऱ्या मुख्य स्विचलाच, दाबतात. मिर-१०३ आणि मिर-१०७ वाढले की उंदरांमध्ये इन्सुलिनचा परिणाम घटतो. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका कामात उंदरांच्या फक्त चरबीतला डायसर, म्हणजे मायक्रोआरएनए कापून तयार करणारं एन्झाइम, काढून टाकला, तेव्हा रक्तातल्या एक्झोसोममधले, म्हणजे पेशींनी सोडलेल्या सूक्ष्म पिशव्यांमधले, कितीतरी मायक्रोआरएनए घसरले. म्हणजे चरबी हे संदेश रक्तात सोडते आणि ते यकृतापर्यंत पोहोचतात. ‘लठ्ठपणातून मधुमेह कसा होतो’ या प्रश्नात चरबीचे मायक्रोआरएनए येतात ते या वाटेने.

माणसाचं माप आधी

चरबीचा तुकडा कितीही जपून ठेवला, तरी तो कुणाचा होता हे नीट लिहिलेलं नसेल तर त्याचा उपयोग नाही. नुसता बीएमआय पुरत नाही. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचाही बीएमआय २२.३ होता, पण शरीरातली चरबी याज्ञिकांची २१.२ टक्के आणि युडकिन यांची ९.१ टक्के भरली. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलेलं हे उदाहरण भारतीय शरीराबद्दल पुष्कळ काही सांगून जातं. म्हणून आपल्याकडे बीएमआय २३ पासून जास्त वजन आणि २५ पासून लठ्ठपणा धरा. कमरेसाठी पुरुषांना ९० सेंमी आणि बायकांना ८० सेंमी ही मर्यादा घ्या.

कंबर मोजताना सगळ्यात खालची बरगडी आणि कमरेच्या हाडाची वरची कड, यांच्या बरोबर मध्यावर टेप धरा. श्वास सहज सोडून झाला की वाचा. साडी नेसलेल्या बाईंच्या बाबतीत टेप परकराच्या नाडीवरून गेला तर माप हमखास चुकतं. नाडी सैल करून, पडद्याआड, बाई सहकाऱ्याकडूनच माप घ्या. दोनदा मोजा. दोन मापांत १ सेंमीपेक्षा जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा मोजा.

रक्तासाठी ८ ते १२ तासांची उपाशी वेळ हवी. इथे एक गोष्ट हमखास निसटते. ‘काही खाल्लं नाही, आज एकादशी आहे’ असं सांगणाऱ्या पेशंटने सकाळी साबुदाण्याची खिचडी खाल्लेली असते. ‘उपाशी आहात का’ असं न विचारता ‘शेवटचा घास आणि शेवटचा चहा किती वाजता’ असं विचारा आणि घड्याळाची वेळ लिहा. त्याच रक्तातून साखर, इन्सुलिन, ट्रायग्लिसराइड, एचडीएल आणि एचबीएवनसी करून घ्या. ट्रायग्लिसराइड १५० आणि त्यापुढे, एचडीएल पुरुषांत ४० च्या व बायकांत ५० च्या खाली, उपाशीपोटीची साखर १०० आणि त्यापुढे, रक्तदाब वरचा १३० किंवा खालचा ८५ आणि त्यापुढे, हे धोक्याचे उंबरठे आहेत. होमा-आयआर, म्हणजे शरीर इन्सुलिनला किती दाद देत नाही याचा अंदाज, काढायला मिलिग्रॅममधली साखर आणि इन्सुलिन यांचा गुणाकार करून ४०५ ने भागा.

औषधांची यादी पेशंटच्या पिशवीतल्या पाकिटांवरून करा, तोंडी ऐकून नको. पायोग्लिटाझोन थेट पीपार-गॅमावर काम करतं, त्यामुळे ते घेणाऱ्याची चरबी आधीच वेगळी असते. त्यांना अभ्यासातून वगळा. यंत्रमागावर रात्रपाळी करणाऱ्यांची पाळी, मिश्री-तंबाखू आणि बायकांची मासिक पाळी थांबली असल्यास त्याचं वर्ष या तिन्ही गोष्टी फॉर्मवर आधीपासून छापून घ्या. नंतर फोन करून विचारलेली माहिती अर्धीच मिळते.

संमती

संस्थेच्या नीतिसमितीची लेखी मंजुरी हातात आल्याशिवाय पहिला नमुनाही घ्यायचा नाही. आयसीएमआरची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं वाचून काढा. सोलापुरात संमतीपत्र नुसतं मराठीत करून भागत नाही. कन्नड, तेलुगू आणि उर्दूतही ते लागतं. शहराच्या पूर्व भागातल्या विणकर आणि विडी कामगार घरांतल्या वडीलधाऱ्यांना मराठी बोलता येतं, पण वाचायला तेलुगूच सोयीचं वाटतं. अंगठा घेणार असाल तर अभ्यासाशी संबंध नसलेला साक्षीदार हवा. ऑपरेशन ठरलेलंच असेल तरच चरबी घ्यायची. नुसत्या चरबीसाठी छेद द्यायचा नाही. आधीपासून ठरलेली पित्ताशयाची आणि हर्नियाची ऑपरेशनं योग्य. अचानक सुजलेलं पित्ताशय, अपेंडिक्स, ताप, कॅन्सर असेल तर नमुना नको. त्या सुजेत मिर-१५५ आणि मिर-१४६ वाढतात आणि तुम्ही ते लठ्ठपणाच्या खात्यात मांडाल.

थिएटरमधली दहा मिनिटं

सर्जनशी आदल्या दिवशीच बोला. त्यांना तीन गोष्टी नीट सांगाव्या लागतात. एक, तुकडा थंड कात्रीने कापायचा, कॉटरीने म्हणजे विजेवर तापणाऱ्या उपकरणाने नाही. कॉटरीने जळलेल्या कडेतला आरएनए तुटलेला असतो. दोन, भुलीचं इंजेक्शन जिथे टोचलं त्या जागेची चरबी नको. तीन, दोन ठिकाणची चरबी हवी, पोटाच्या कातडीखालची आणि आतल्या पडद्याची म्हणजे ओमेंटमची. एकाच माणसाच्या या दोन चरबींचं वागणं वेगवेगळं असतं. धोक्याचं नातं आतल्या चरबीशी जास्त घट्ट असल्यामुळे जोडीने घेतलेले नमुने सुट्या नमुन्यांपेक्षा कितीतरी मोलाचे ठरतात. प्रत्येक ठिकाणाहून ३०० ते ५०० मिलिग्रॅम पुरे.

तुकडा हातात आला की कापल्याची वेळ लिहा. बर्फावर ठेवलेल्या थंड निर्जंतुक सलाइनमध्ये तो दोनदा बुडवून रक्त धुवून काढा आणि गाळण कागदावर हलकेच टिपा. हे धुणं टाळू नका. तांबड्या पेशींत मिर-४५१ आणि मिर-१६ भरपूर असतात. एक लाल ठिपका राहिला तरी आकडे हलतात. दिसणाऱ्या रक्तवाहिन्या कापून टाका. मग ८० ते १०० मिलिग्रॅमचे तुकडे करून वेगवेगळ्या क्रायोनळ्यांत घाला, थेट द्रव नायट्रोजनमध्ये सोडा आणि गोठवल्याची वेळ लिहा. दोन वेळांमधलं अंतर १० मिनिटांच्या आसपास ठेवा. त्याहून महत्त्वाचं, ते प्रत्येक पेशंटमध्ये सारखं ठेवा. सडपातळ माणसाचा नमुना ८ मिनिटांत आणि जाड माणसाचा २५ मिनिटांत गोठला, तर तुमच्या दोन गटांमधला फरक हा घड्याळाचा फरक असेल. एक तुकडा १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मालिनमध्येही ठेवा. तो पुढे फार कामाला येतो.

नायट्रोजन नसेल तर आरएनएलेटरसारखं द्रावण चालतं, पण चरबीबाबत त्यात एक अडचण आहे. चरबी त्यावर तरंगते. वरचा भाग कोरडा राहतो आणि आतला आरएनए तुटत जातो. तुकडा अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा जाड नको, द्रावण तुकड्याच्या किमान दहापट घ्या, नळी गळ्यापर्यंत भरा आणि तुकडा पूर्ण बुडला आहे याची खात्री करा. रात्रभर ४ अंशांवर ठेवून मग उणे ८० ला न्या. पाकिटावर ‘खोलीच्या तापमानाला आठवडाभर टिकतं’ असं लिहिलेलं असतं, पण ती खोली २५ अंशांची. ३७ अंशांवर ती मुदत एका दिवसावर येते. एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा ४२ च्या पुढे जातो. तेव्हा बिनएसीच्या खोलीत टेबलावर ठेवलेली नळी त्या आठवड्याच्या हिशेबात बसत नाही.

नेणं आणि साठवणं

जिल्ह्यात द्रव नायट्रोजन मिळणं वाटतं तितकं अवघड नाही. गाई-म्हशींच्या कृत्रिम रेतनासाठी तो गावोगाव पोहोचतो. पंढरपुरी म्हशीच्या रेतमात्राही त्याच टाक्यांत ठेवतात. ३ लिटरचा कंटेनर एका दिवसाच्या कामाला पुरतो. नायट्रोजन नेताना काचा बंद करून एसी लावू नका, ऊन कितीही असलं तरी. बंद गाडीत नायट्रोजनची वाफ साचली तर ऑक्सिजन कमी होतो आणि नायट्रोजनला वास नसतो, त्यामुळे धोका कळत नाही. कंटेनरचं झाकण सैल बसणारंच असतं, ते चिकटपट्टीने आवळायचं नाही. हातमोजे आणि डोळ्यांवर शील्ड हवीच. साधा बर्फ गोठलेल्या नमुन्याला अजिबात पुरत नाही.

उणे ८० चा फ्रीजर जनरेटरच्या लाइनवर आहे का, हे स्वतः पाहा. लाईट गेल्यावर तो किती वेळात किती अंश चढतो, याची नोंद दाराला चिकटवा. एका पेशंटच्या सगळ्या नळ्या एकाच फ्रीजरमध्ये ठेवू नका. वितळून पुन्हा गोठलेली नळी वापरायची नाही.

आरएनए काढताना

चरबीत पेशी मोजक्याच असतात, बाकी सगळं तेल. त्यामुळे १०० मिलिग्रॅममधून हाती येतो तो मोजून काही मायक्रोग्रॅम आरएनए. यकृताचा अनुभव असलेले विद्यार्थी इथे निराश होतात, पण तसं होण्याचं कारण नाही. जास्त आरएनए हवा असेल तर एका नळीत जास्त चरबी कोंबू नका. १०० मिलिग्रॅमच्या दोन नळ्या करा आणि शेवटी दोन्ही एकाच कॉलममधून, म्हणजे आरएनए धरून ठेवणाऱ्या किटमधल्या गाळणीतून, काढा.

गोठलेला तुकडा वितळू न देता थेट १ मिलि ट्रायझॉल किंवा कियाझॉलमध्ये, म्हणजे पेशी फोडून आरएनए जपणाऱ्या फिनॉल-ग्वानिडिनच्या द्रावणात, टाका. खल-बत्त्यात कुटायच्या फंदात पडू नका. चरबीची पूड नीट होत नाही, जरा ऊब लागली की ती मेणासारखी चिकटते. ५ मिलिमीटरचा स्टीलचा मणी टाकून बीड होमोजिनायझरवर दोन-दोन मिनिटांच्या दोन फेऱ्या द्या. मग ५ मिनिटं बाहेर ठेवा.

आता चरबीचं खास पाऊल. क्लोरोफॉर्म घालण्याआधी नळी ४ अंशांवर, १२,००० जी वेगाने १० मिनिटं फिरवा. थंडीत डब्यातलं तूप गोठावं तसा वर पांढरा थर बसतो. पिपेटचं टोक त्या थरातून हळूच खाली घाला, खालचं गुलाबी द्रावण ओढा आणि टोकाला बाहेरून लागलेली चरबी पुसूनच ते नव्या नळीत सोडा. थर मोडला तर नळी पुन्हा फिरवा. ही फेरी गाळणाऱ्यांचे कॉलम तुंबतात, मधला थर फुगीर होतो आणि २६०/२३० चा आकडा, म्हणजे २६० आणि २३० नॅनोमीटरच्या प्रकाशशोषणाचं गुणोत्तर, खाली येतो. मग दोष किटला दिला जातो.

पुढे नेहमीचंच: प्रत्येक १ मिलिला २०० मायक्रोलिटर क्लोरोफॉर्म, १५ सेकंद जोराने हलवणं, ३ मिनिटं थांबणं, ४ अंशांवर १२,००० जी ला १५ मिनिटं. वरचा पारदर्शक थर घ्या, पण शेवटचे १०० मायक्रोलिटर सोडून द्या. हाव केली की मधल्या थरातला डीएनए येतो.

यानंतर मायक्रोआरएनए हरवण्याची सगळ्यात मोठी जागा येते. साध्या आरएनए किटमध्ये एक पट ७० टक्के इथेनॉल घालतात. तेवढ्या इथेनॉलमध्ये लांब आरएनए कॉलमला चिकटतो आणि २२ अक्षरांचा आरएनए सरळ खाली गळतो. इथे दीडपट शुद्ध इथेनॉल हवं, म्हणजे ५०० मायक्रोलिटर थराला ७५० मायक्रोलिटर. लहान आरएनएसाठी बनवलेलं किट घ्या. शेवटी कोरडी फेरी देऊन इथेनॉल पूर्ण घालवा, ३० मायक्रोलिटर न्यूक्लिएजमुक्त पाणी घाला, एक मिनिट थांबा, मग काढा. गळलेलं पाणीच परत कॉलमवर घालून दुसऱ्यांदा फिरवलं तर थोडा जास्त आरएनए मिळतो.

२६०/२८० साधारण २ असावं. २६०/२३० फार कमी आलं तर फिनॉल किंवा ग्वानिडिन उरलंय, कॉलम आणखी एकदा धुवा. आरआयएन हा आकडा रायबोसोमच्या आरएनएवरून निघतो, तो नमुन्याच्या तब्येतीबद्दल सांगतो, मायक्रोआरएनएच्या प्रमाणाबद्दल नाही. तरीही तो नोंदवा. दोन गटांचा आरआयएन वेगळा निघाला तर पुढची तुलना धोक्यात आहे, हे तिथेच समजतं.

ग्वानिडिन असलेल्या टाकाऊ द्रावणात ब्लीच कधीही ओतू नका, विषारी वायू निघतो. फिनॉल-क्लोरोफॉर्म वेगळ्या काचेच्या बाटलीत, उरलेली चरबी पिवळ्या पिशवीत.

पीसीआर

स्टेम-लूप प्रायमरची, म्हणजे छोट्या आरएनएला धरून त्याची डीएनए प्रत सुरू करणाऱ्या गाठीदार तुकड्याची, पद्धत धरली तर १० नॅनोग्रॅम आरएनए, १५ मायक्रोलिटर मिश्रण, १६ अंशांवर ३० मिनिटं, ४२ वर ३० मिनिटं, ८५ वर ५ मिनिटं. मग पीसीआर: ९५ ला १० मिनिटं, त्यानंतर ९५ ला १५ सेकंद आणि ६० ला १ मिनिट अशा ४० फेऱ्या. प्रत्येक नमुना तीन खान्यांत चालवा. तिघांच्या सीक्यूचं, म्हणजे कितव्या फेरीत खूण उमटली त्या आकड्याचं, प्रमाण विचलन ०.३ च्या वर गेलं तर पुन्हा करा. ३५ फेऱ्यांपुढे उमटलेल्या आकड्यावर भरवसा ठेवू नका. जाड माणसांचे नमुने एका प्लेटवर आणि सडपातळांचे दुसऱ्या प्लेटवर असं कधीही करू नका, दोन्ही मिसळून लावा. मिर-१०३ आणि मिर-१०७ यांच्यात एकाच अक्षराचा फरक आहे, त्यामुळे एकाचा प्रायमर दुसऱ्याला धरतो का हे कृत्रिम नमुन्यावर तपासून घ्या.

तुलना कशाशी

सगळ्यात जास्त विचार इथे करा. कच्चा आकडा कुठल्या तरी स्थिर आरएनएशी ताडून पाहावा लागतो आणि तो निवडताना सवयीने यू६, मिर-१६ किंवा मिर-१०३ घेतला जातो. यू६ हा पेशीच्या केंद्रकातला छोटा आरएनए आहे, मायक्रोआरएनए नाही. तो कितीतरी लांब असल्यामुळे कॉलमवर वेगळा वागतो. मिर-१६ तांबड्या पेशींतून येतो, म्हणजे धुणं कमी-जास्त झालं की तो हलतो. मिर-१०३ बऱ्याच ठिकाणी स्थिर म्हणून सुचवला जातो, पण तो इन्सुलिनच्या परिणामाशीच बांधलेला आहे. लठ्ठपणाच्या अभ्यासात त्याला मोजपट्टी केलं, तर जे मोजायचं तेच मापात मिसळलं. त्यापेक्षा सहा-सात उमेदवार घ्या, दोन्ही गटांतले दहा-दहा नमुने चालवा, जीनॉर्म किंवा नॉर्मफाइंडर या स्थिरता तपासणाऱ्या प्रोग्रॅममध्ये घाला आणि जे दोन-तीन सगळ्यात स्थिर निघतील त्यांची भूमितीय सरासरी वापरा. एक-दोन आठवडे यात जातात, पण परीक्षक पहिला प्रश्न इथेच विचारतात.

आकडे तपासताना डेल्टा-सीक्यूवरच, म्हणजे मोजायचा मायक्रोआरएनए आणि स्थिर आरएनए यांच्या सीक्यूमधल्या फरकावरच, काम करा, पटींवर नाही. एकाच माणसाच्या दोन चरबींसाठी जोडीची चाचणी वापरा. वय, लिंग आणि कंबर हिशेबात धरा. दहा-वीस मायक्रोआरएनए मोजले असतील तर बेंजामिनी-हॉचबर्ग दुरुस्ती लावा, म्हणजे अनेक चाचण्यांत योगायोगाने आलेले निकाल खरे धरले जात नाहीत.

मिर-१५५ किंवा मिर-२२३ वाढलेला दिसला की ‘चरबीपेशीत वाढला’ असं लिहायची घाई नको. लठ्ठपणात चरबीत मॅक्रोफेज नावाच्या रोगप्रतिकारक पेशी येऊन बसतात आणि हे दोन मुख्यतः त्यांच्याकडचे. मिर-१२६ असाच रक्तवाहिन्यांच्या अस्तराचा. फॉर्मालिनमधला तो तुकडा आता काढा. मॅक्रोफेजची खूण असलेल्या सीडी६८ या प्रथिनाला रंग देऊन मॅक्रोफेज मोजा, चरबीपेशींचा व्यास मोजा आणि दोन्ही आकडे हिशेबात घाला. कोलॅजिनेज या एन्झाइमने पेशी वेगळ्या करता येतात, पण ३७ अंशांवरचं ते तासाभराचं पचनच पेशींना दाहाच्या मार्गावर ढकलतं. पहिल्या प्रबंधासाठी सूक्ष्मदर्शकाची वाट बरी.

सोबत रक्तातलेही मोजणार असाल तर जांभळ्या टोपीची ईडीटीए नळी घ्या, हिरवी नको, हेपरिन पीसीआर अडवतं. दोन तासांत १,५०० ते २,००० जी ला फिरवा, प्लाझ्मा काढून पुन्हा १०,००० जी च्या वर फिरवा म्हणजे प्लेटलेट खाली बसतात. मिर-२३ए च्या सीक्यूतून मिर-४५१ए चा सीक्यू वजा करा. उत्तर ७ च्या वर गेलं तर तांबड्या पेशी फुटल्या आहेत, तो नमुना बाजूला काढा.

पेशंटला काय द्यायचं

मायक्रोआरएनएच्या आकड्यावरून लठ्ठपणाचा उपचार ठरवण्याची पद्धत आज रूढ नाही. ‘तुमचा मिर-१४३ वाढलाय’ असं पेशंटला सांगायचं नाही आणि तो आकडा केसपेपरवरही चढवायचा नाही. पण कंबर, रक्तदाब, साखर, ट्रायग्लिसराइड, एचबीएवनसी हे आकडे पेशंटचे आहेत आणि ते कामाचे आहेत. प्रबंध पूर्ण व्हायची वाट न पाहता ते टाके काढायला येतील त्या दिवशी, त्यांच्या भाषेत लिहून हातात द्या. एचबीएवनसी ५.७ ते ६.४ आला असेल तर पुढची तपासणी कधी करायची ते तारखेसह लिहा. ६.५ किंवा त्यापुढे असेल तर त्याच दिवशी मेडिसिनच्या ओपीडीत पाठवा आणि ते गेले का, हे दुसऱ्या दिवशी पाहा.